भट्टीतला पोर्ट

३ नोव्हेंबर, सोमवार

नोकरीचा पहिला दिवस पार पडला आणि मी अजून शाबूत आहे, हे सर्वांत आधी लिहून टाकते! आई म्हणाली होती, नव्या गावात रोज चार ओळी लिहीत जा, मन हलकं राहतं. वही ठेवली तर कुणीतरी चाळणारच, म्हणून मोबाईलमध्ये लिहायचं ठरवलंय.

खोली दिघीला मिळाली, कुसुमताईंच्या घरी वरच्या मजल्यावर. मागच्या खिडकीतून लष्कराची मोकळी जमीन दिसते. एवढं आभाळ पुण्याच्या बाजूला कुणाच्या वाट्याला येतं, असं अंबाजोगाईत सांगितलं तर कुणाला पटायचं नाही. कुसुमताईंनी आल्या आल्या विचारलं की तिखट कितपत चालतं. मी जरा तोऱ्यातच म्हटलं, मराठवाड्याची आहे. त्या नुसत्या हसल्या आणि संध्याकाळी आमटी अशी केली की माझ्या नाकाडोळ्यांतून पाणी. दुसऱ्यांदा वाढून घेतली तरी.

लॅब निघोज्याला आहे, चाकणच्या अलीकडे. भोसरीहून कंपनीची बस असते. गाड्यांचे भाग, कधी अख्खी गाडी, तापवून, गोठवून, हादरवून बघायचं, हे इथलं काम. मधोमध मोठी स्टीलची खोली आहे. गाडी आत उभी करता येते, दार बँकेच्या तिजोरीसारखं जाड. सगळे तिला भट्टीच म्हणतात. तिचा कॉम्प्युटर दारासमोर, पडदा दाराकडे करून बसवलाय, म्हणजे काम करणाऱ्याची पाठ भट्टीकडे.

माझे साहेब श्यामसर. चाळिशीचे असतील, आवाज इतका हळू की पुढं झुकून ऐकावं लागतं. बोलताना जमिनीकडे बघतात, पण पहिला चहा स्वतः आणून दिला. अशा माणसाच्या हाताखाली काम करायला आवडेल मला. मूळ मार्कशीटं ऑफिसात जमा करून घेतली, सहा महिन्यांनी परत देतात म्हणे. सगळीकडेच असतं असं.

५ नोव्हेंबर, बुधवार

पहिलं काम मिळालं. इथले सगळे कॉम्प्युटर लिनक्सवर आहेत आणि एकावरही पेन ड्राइव्ह आपोआप उघडत नाही. दर वेळी कुणीतरी जाणत्यानं कमांड मारून तो जोडून द्यायचा. ऑपरेटर लोक वैतागलेत. गिऱ्हाईक कंपन्यांचे इंजिनिअर टेस्टचा डेटा न्यायला येतात आणि हातात पेन ड्राइव्ह घेऊन ताटकळतात.

गंमत अशी की मशीनला ड्राइव्ह दिसतो. नाव, आकार, सगळं यादीत बरोबर येतं. फक्त तो माउंट होत नाही, म्हणजे फोल्डर उघडून समोर येत नाही. पाहुणा दारात उभा आहे, घरच्यांना ठाऊक आहे, पण ‘आत या’ म्हणायला कुणी उठत नाही, तसं.

डेस्कटॉपच्या सेटिंगमध्ये सगळं चालू आहे. म्हणजे गोची आणखी खाली कुठंतरी. मला असली कामं आवडतात. बसमध्येही तोच विचार, मोशीच्या पुढं अर्धा पाऊण तास गाडी हलली नाही तरी कळलं नाही.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

सापडलं! उपकरणांचे नियम असतात त्या फोल्डरमध्ये एकाच ओळीची फाइल आहे: यूएसबीला लागणाऱ्या कुठल्याही ड्राइव्हकडे दुर्लक्ष कर. बस. भट्टीच्या मशीनवर ती आधी लिहिली गेली आणि बाकीची मशीनं त्याचीच कॉपी करून बनवली, म्हणून दुखणं सगळीकडे पसरलं. फाइल श्यामसरांच्या नावावर आहे.

मी जाऊन विचारलं. त्यांनी समोरचे कागद उगाच सरळ केले. मग म्हणाले, व्हायरससाठी केलं असेल, आठवत नाही आता. बाकीच्यांवरची काढून टाक, चांगलं काम केलंस. आणि मी वळले तेव्हा मागून म्हणाले,

“वर्षाली, भट्टीच्या मशीनला हात लावू नकोस.”

का, ते विचारायचं राहिलं. त्यांच्या कपाळावर घाम होता, आणि एसीमुळं मी स्वेटर घालून होते.

१० नोव्हेंबर, सोमवार

आज सर रजेवर. नेमके गिऱ्हाइकाचे दोघं आले, भट्टीतल्या टेस्टचा डेटा हवा होता. मोठ्या फाइली, बराच पसारा. मला म्हणाले, मॅडम, तुम्ही तर बाकी सगळी मशीनं ठीक केलीत ना? माझ्या खुर्चीमागे दोन पुरुष उभे आणि घड्याळाकडे बघतायत. मी ती ओळ काढली, नियम पुन्हा वाचायला लावले, आणि त्यांचा ड्राइव्ह टुण्णकन उघडला. खूश होऊन गेले.

ते गेल्यावर पडद्यावर आणखी एक खिडकी उघडली. मशीनला तर काहीच लावलेलं नव्हतं. ड्राइव्हचं नाव SAYAJI. आत काही नाही, रिकामा. मी बघते तोवर आपोआप बंद झाली.

जुनं काहीतरी स्मरणात राहिलं असेल मशीनच्या. सरांना उद्या सांगेन.

१२ नोव्हेंबर, बुधवार

सांगितलं नाही. सर भट्टीच्या कॉम्प्युटरकडे फिरकतच नाहीत, आणि हात लावलास का म्हणून विचारतील ही भीती.

तो ड्राइव्ह काल आणि आज दोन्ही दिवशी दुपारी आला. लागतो, खिडकी उघडते, निघतो. पुन्हा लागतो. मी नोंदी काढून पाहिल्या. लूज कनेक्शन असतं तेव्हा अशाच नोंदी पडतात, म्हणून कुठला पोर्ट ते शोधलं. मशीनच्या मागचा नाही, पुढचा नाही. एक लांब वायर भिंतीतून भट्टीच्या आत गेली आहे, तिच्या टोकाचा. आतल्या गाडीला जोडून डेटा घ्यायला ठेवलेला.

भट्टी थंड होती, म्हणून आत जाऊन पाहिलं. पोर्ट आहे, पण त्यावर स्टीलची पट्टी स्क्रूनं बसवलेली आणि कडेनं सिलिकॉन भरलेलं. नख जाणार नाही. दाराला छोटी काच आहे, तिच्यावर बाहेरून थर्माकोल चिकटवलाय. आतून उघडायला मोठा लाल खटका आहे, तो दाबून खात्री केली. दार लगेच उघडलं. तरी बाहेर आल्यावर खोल श्वास घेतला. आत स्वतःचा आवाजसुद्धा भिंतीत शोषला जातो.

छबूबाई फरशी पुसत होत्या. निघोज्याच्याच त्या, लॅब झाल्यापासून आहेत. मला भट्टीतून निघताना पाहून त्यांच्या हातातलं फडकं खाली पडलं.

“एकटी नगं जाऊ त्यात, बाय,” एवढंच म्हणाल्या.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

इलेक्ट्रिशियनला बोलावून वायर तोडून घेतली. माझ्या देखत. तुटलेलं टोक मी टेप लावून टेबलाच्या खणात ठेवलं.

दुपारी SAYAJI आला.

त्याच पोर्टवर. जो आता कशालाच जोडलेला नाही. मी खण उघडून टोक हातात घेतलं आणि पडद्याकडे बघत बसले. लागला. निघाला. लागला. टोक कोमट होतं.

मग न राहवून काचेवरचा थर्माकोल ओरबाडून काढला. आत दिवा लावला. भट्टी रिकामी. काचेवर आतल्या बाजूनं डाग होते, बोटं ओढल्यासारखे. पुसायला आत जायला पाहिजे. मी नाही गेले.

१५ नोव्हेंबर, शनिवार

लूज कनेक्शन असलं की कधीही लागतं, कधीही निघतं. हे तसं नाही.

सुरुवातीला भराभर. मग जरा थांबून. मग सारख्या अंतरानं, जणू कुणी धीर धरून, मोजून करतंय. मग पुन्हा घाईनं, वेड्यासारखं. मग सावकाश. मग बराच वेळ काही नाही. मग एकदाच. आणि संपलं.

रोज अगदी असंच. यंत्र थकत नाही. हे कोणीतरी दमत जातंय.

१७ नोव्हेंबर, सोमवार

छबूबाईंना कँटीनमागं गाठलं आणि सरळच विचारलं, सयाजी कोण.

त्यांनी आधी इकडंतिकडं पाहिलं. मग पदरानं तोंड पुसत सांगितलं. सयाजी त्यांच्याच आळीतला, भट्टीवर ऑपरेटर होता. दोन वर्षांमागं भट्टी तापत असताना रीडिंग घ्यायला आत गेला आणि दार अडकलं. तेव्हा आतून उघडायचा खटका नव्हता, तो मागनं बसवला. दुपारची गोष्ट, सगळे जेवायला गेलेले. दार उघडलं तोवर त्याचा जीव गेला होता.

“वराडला आसंल की पोर. पर त्या पंख्याच्या आवाजात कुनाला ऐकू येनार? श्यामसायेब तेवढे भाईर व्हते, कॉम्प्युटरवर. त्यांला बी न्हाई आलं.”

मी सरांच्या केबिनमध्ये गेले आणि दार लावून घेतलं. मी म्हटलं, सर, मी ती ओळ काढली आहे. त्यांनी दोन्ही हात टेबलावर ठेवले. मग ते बोलले, आणि पहिल्यांदाच माझ्याकडे बघून बोलले.

त्या दुपारी ते रिपोर्ट लिहीत होते. गिऱ्हाइकाला लगेच पाठवायचा होता. पडद्यावर सारखी खिडकी उघडत होती, लिहिलेलं झाकत होती. बंद केली की पुन्हा. त्यांना वाटलं, आतला पोर्ट उष्णतेनं बिघडला. चिडून त्यांनी ती ओळ लिहिली, सगळ्या ड्राइव्हकडे दुर्लक्ष कर.

“खिडक्या थांबल्या,” सर म्हणाले. “एकदम शांत झालं. म्हणून मी चहाला गेलो.”

सयाजीच्या मुठीत पेन ड्राइव्ह होता. हाक पोचत नव्हती, म्हणून तो लावत होता आणि काढत होता. बाहेर कुणीतरी पडद्यावर बघेल म्हणून.

हे सर सोडून कुणालाच माहीत नाही. आता मला आहे.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

सकाळी राजीनामा द्यायला गेले. ऑफिसात म्हणाले, मूळ कागद हेड ऑफिसला आहेत, साहेब परदेशात, सही झाल्याशिवाय मिळणार नाहीत, तोवर यावं लागेल. मी भांडले. ती बाई शांतपणे पुढच्या कामाला लागली. आईला फोन केला. काय सांगणार? लागल्या लागल्या नोकरी सोडू नको म्हणाली, बाबा गावात सगळ्यांना सांगून बसलेत.

मग मी तेच केलं जे सरांनी केलं. ओळ परत लिहिली. खिडक्या थांबल्या.

संध्याकाळी खोलीवर लॅपटॉप उघडला. लिनक्सच आहे, माझा स्वतःचा. काही लावलेलं नाही.

SAYAJI.

कुसुमताई चहा घेऊन वर आल्या तर मी भिंतीला टेकून उभी. ताप आलाय का म्हणून कपाळाला हात लावला. म्हणाल्या, अंग भट्टीसारखं तापलंय गं.

१९ नोव्हेंबर, बुधवार

भट्टीच्या मशीनवरची ओळ पुन्हा काढली. निदान तिथंच राहू दे. कुसुमताईंच्या घरात नको.

पण रात्रभर तो लॅपटॉपवरही येतच राहिला होता, बॅटरी काढली तरी पडदा — नाही लिहीत.

सरांना सांगितलं. त्यांचं घर चिंचवडला आहे. म्हणाले, माझ्या घरी दोन वर्षं कॉम्प्युटर नाही. मुलीला, सईला, शाळेच्या अभ्यासाला हवा असतो, मी आणू देत नाही. बायको मला वेडा समजते. काचेत तो दिसतो मला, वर्षाली. थर्माकोल मीच लावला होता. तू काढलास.

मग म्हणाले, उद्या गुरुवार, सगळ्या एमआयडीसीला सुट्टी. आपण तो पोर्टच उखडून काढू. तो राहिला नाही तर त्याला लावायला जागाच उरणार नाही. त्यांना आत जाववत नाही. मी आत जायचं, ते दार धरून उभे राहतील.

हो म्हटलं. दुसरं काय करणार. पळून जायचं तर कुठं, लॅपटॉप तर माझ्याबरोबरच येणार.

२० नोव्हेंबर, गुरुवार

लॅबमध्ये आम्ही दोघंच. गेटवर वॉचमन आहे, लांब. बाहेर लख्ख ऊन. भट्टीचा मेन स्विच मी स्वतः पाडला. कॉम्प्युटरची लाइन वेगळी, तो चालू आहे. दारात लाकडी ठोकळा घातलाय. खटका पुन्हा दाबून पाहिला, चालतो. सर दोन्ही हातांनी दार धरून उभे आहेत. घाबरण्यासारखं काही नाही. जाते.

—

पट्टी निघाली. मागं काही नाही. नुसता पोर्ट आणि धूळ. मी हसलेसुद्धा.

तेवढ्यात बाहेर कॉम्प्युटर वाजला, ड्राइव्ह लागल्यावर वाजतो तसा. सर म्हणाले, “आला.” आणि त्यांनी दार सोडलं.

ठोकळा कसा सरकला माहीत नाही. दार लागलं.

—

खटका दाबला. आत गेला तो आतच. परत येत नाही. रेंज नाही, एक काडीसुद्धा नाही, चहूकडे स्टील —

—

पंखा सुरू झाला.

मेन स्विच पाडलाय. मी स्वतः पाडलाय —

—

काचेतून सर दिसतात. खुर्चीजवळ, पाठमोरे. ओरडले. लाथा मारल्या. स्क्रू ड्रायव्हरनं काच ठोकली, ओरखडाही नाही. ते मान वर करत नाहीत.

—

किल्ल्यांच्या जुडग्याला माझा पेन ड्राइव्ह आहे. लावला. वायर तुटलेली आहे, मला माहीत आहे. तरी पडद्यावर खिडकी उघडली. उघडली!! काढला, लावला. पुन्हा उघडली. मोठ्या अक्षरांत नाव येतंय.

माझ्या ड्राइव्हचं ते नाव नाही.

—

सर वळले. सरळ माझ्याकडे बघतायत. मी हात हलवले, ओढणी काढून हलवली. ते हात जोडतायत. गुडघ्यावर बसले. ओठ हलतात. सयाजी म्हणतायत.

मला म्हणतायत.

—

मोबाईलवर मोठ्या अक्षरांत लिहून काचेला लावलं. मी वर्षाली. मी वर्षाली सर. त्यांनी डोळे गच्च मिटले, मान हलवतायत, नाही नाही नाही —

—

उठले. खुर्चीत बसले. टाइप करतायत. थोडंच आहे. एकच ओळ. सर नका, सर ती ओळ नका —

—

लावते. काढते. लावते. पडद्यावर काही नाही. लावते. काही नाही.

—

सर गेले. चालत गेले. बाहेरचा दिवा बंद केला त्यांनी.

—

खूप गरम. मोबाईल म्हणतो तापलाय, बंद होईल. हात ओले, अक्षरं चुकतायत. आई मी काही चुकीचं

—

दाराच्या खाली फटीशी जरा गार असेल. तिथं बसावं. अंधारात चाचपत गेले तर तिथं आधीच — माझ्यासाठी सरकून, भिंतीला लागून, थोडी जागा करून दि